रानपारवे मारण्याचा उत्तम काळ

कुठल्याही कार्याला मुहूर्त पाहावा लागतो, आणि मारण्याच्या कार्याला तर तो फारच काळजीपूर्वक पाहावा लागतो. दक्षिण गोलार्धातल्या कोर्दोबा प्रांतातलं पोसो दुल्से हे गाव या बाबतीत पुढारलेलं आहे. रानपारवा हा पिकाचा शत्रू, असं गावानं एकमुखानं ठरवल्यापासून तिथं शिकाऱ्यांसाठी तीन विश्रामगृहं, काडतुसांचं एक दुकान आणि एक 'पारवे-निर्मूलन हंगाम समिती' निघाली. या शत्रूवर गावाचं इतकं पोट भरू लागलं, की त्याच्यात रोगाची साथ आली तर लोक तो बरा व्हावा म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लावत.

एलेउतेरिओ बुस्तोस मात्र मागासलेला. त्याचं पोट अजून ज्वारीवरच होतं. लागोपाठ दोन वर्षं पारव्यांनी त्याची कणसं हुरड्यातच साफ केली होती. यंदाही पीक गेलं तर जमीन विकून शहरात मेहुण्याच्या घरी राहायला जायचं, असं घरात ठरलं होतं. मेहुण्याच्या घरी राहणं म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत! म्हणून तो टोपी हातात धरून समितीपुढं उभा राहिला.

“मार्चमध्ये दाणा भरतो, डॉन हिलारिओ. पाखरं तेव्हाच तुटून पडतात. बंदुका तेव्हा आणा.”

डॉन हिलारिओ हे समितीचे अध्यक्ष आणि सर्वांत मोठ्या विश्रामगृहाचे मालक (या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही). नळीनं कडू माते-चहा ओढत त्यांनी ऐकून घेतलं. “अरे एलेउतेरिओ, हा हंगाम झाला पाखरांच्या सोयीचा. पाहुण्यांच्या सोयीचं काय?”

मग महिने तपासायला घेतले. जानेवारीत तिथं ऐन उन्हाळा असतो. पारव्यांच्या आधी पाहुणेच पडतात. फेब्रुवारीत कार्निव्हल, बंदुका भरून देणारी माणसं शुद्धीवर नसतात. मार्चमध्ये डास. एप्रिलमध्ये पवित्र आठवडा येतो आणि त्यात रक्त सांडणं बरं दिसत नाही, असं पाद्रीबाबांचं मत पडलं (उरलेल्या एकावन्न आठवड्यांना त्यांची हरकत नव्हती, पारव्याचं लोणचं त्यांना आवडतं). जुलै मात्र सर्वतोपरी योग्य निघाला. हवा थंड, आणि उत्तरेकडच्या पाहुण्यांना सुट्ट्या. अडचण एवढीच होती, की जुलैत शेतं रिकामी पडतात आणि पारवे डोंगरापलीकडे चरायला जातात.

समितीनं यावर गंभीरपणे विचार केला आणि सगळ्यांनी मिळून एलेउतेरिओकडे पाहिलं.

“तू ज्वारी कापूच नकोस,” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे पाखरं टिकतील.”

“आणि माझं पीक?”

“अरे, पीक वाचवायलाच तर चाललंय हे सगळं! एकदा जुलै होऊ दे, पुढच्या वर्षी औषधालाही पारवा दिसायचा नाही.”

हे ऐकून काडतूसवाल्याचा चेहरा पडला, पण अध्यक्षांनी त्याला हळूच डोळा मारला. एलेउतेरिओला तो डोळा दिसला नाही. तो हो म्हणून घरी आला.

“चोराच्या हाती किल्ल्या देऊन आलास!” बायको देल्फिना कडाडली. “आता त्याला जेवायलाही वाढ.”

मार्चमध्ये तो रीतीप्रमाणे डबे वाजवायला शेतात गेला, तर समितीचा माणूस धावत आला. आवाजानं पाखरं बिथरतात, म्हणून डबे जप्त झाले. जुलैत पाहुणे आले आणि त्यांनी मनसोक्त बंदुका झाडल्या. (समितीच्या आकडेवारीनुसार मेलेले पारवे हे जन्मलेल्या पारव्यांपेक्षा किंचित कमी भरले. हे प्रमाण आदर्श मानतात.) शेवटच्या दिवशी एका जाडजूड पाहुण्यानं एलेउतेरिओचा हात हातात घेतला आणि दुभाष्याकरवी सांगितलं, “तुमचं पीक आम्ही वाचवलं!”

एलेउतेरिओनं मागं वळून पाहिलं. नुसती धाटं उभी होती. त्याला रडू कोसळलं. पाहुण्यांना ते कृतज्ञतेचं वाटलं, त्यांनी फोटो काढून घेतले. समितीनं त्याला मेलेल्या पारव्यांचं एक पोतं पाठवलं. सोबत अध्यक्षांचा निरोप होता: ज्वारी पारव्यांनी खाल्ली, पारवे तू खा, म्हणजे पीक घरातच राहिलं. यात तर्काची चूक काढून दाखवावी.

नोव्हेंबरात पेरणीचे दिवस आले. एलेउतेरिओ बांधावर बसून राहिला, बियाण्याच्या पोत्याला त्यानं हात लावला नाही.

“भावाला कळवू का मग?” देल्फिनानं दारातून विचारलं.

प्रस्तुत लेखक वीस वर्षं त्यांच्या शेजारी राहतो. त्याला हे पाहवेना. धीर देण्यासाठी म्हणून तो सांगू लागला, “माझ्या मुलखात तर लोक पदरमोड करून ज्वारी विकत आणतात आणि चौकात पारव्यांना घालतात. मग घरी जाऊन पारवे येऊ नयेत म्हणून खिडक्यांना जाळ्या ठोकतात. मग खोकत खोकत डॉक्टरकडे जातात.”

“आणि मारतात कधी?”

“मारत नाहीत.”

“मग शेत कुणाचं वाचतं?”

“कुणाचंच नाही.”

“असं करायला सांगतं कोण त्यांना?”

“कुणीच नाही. आपले आपणच करतात.”

एलेउतेरिओ उठला, टोपी डोक्यावर घातली आणि बियाण्याचं पोतं खांद्यावर घेतलं.

“अगं, भावाला काही कळवू नकोस!” तो ओरडला. “आपल्याला निदान समितीनं तरी फसवलंय!”