आर्वी म्हणजे आर्वी

"सर, अँटेना काऊन दिसून नाई राह्यला?" काजलने बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

हरिदास सरांनाही तेच विचारायचं होतं, पण कोणाला? हिंगणघाटहून नववीची एकवीस पोरं घेऊन ते आर्वीला पोचले होते. उपग्रहांशी बोलणारा भलामोठा अँटेना आणि तिथलं संग्रहालय दाखवीन, असं त्यांनी शाळा उघडल्यापासून पोरांना कबूल केलं होतं. हेडमास्तरांनी वर्षाला एकच सहल मंजूर केली होती. ती ही.

शेवटी त्यांनी परवानगीच्या पत्रावरचा नंबर लावला.

"मॅडम, आलो न आम्ही. बसस्टँडसमोर उभे आहो."

"बसस्टँड?" पलीकडे संग्रहालयाच्या नंदिनी मॅडम गोंधळल्या. "सर, तुम्ही कोणत्या आर्वीत आहात?"

"कोणत्या म्हंजे? आर्वीतच!"

"अहो, आमची आर्वी पुणे जिल्ह्यात. जुन्नरजवळ."

सरांनी पत्र पुन्हा उघडलं. पत्ता पूर्ण छापलेला होता. पण वर्धा जिल्ह्यात जन्म गेलेला माणूस 'आर्वी'च्या पुढे कशाला वाचतो? शिवाय सर विज्ञानाचे, भूगोलाचे नव्हेत. त्यांचं तोंड एवढंसं झालं. एकवीस पोरं त्यांच्याकडे बघत होती.

मॅडम मात्र हसायला लागल्या. "मी मूळची नागपूरची. नोकरीवर रुजू व्हायला निघाले आणि बॅगा घेऊन तिथंच उतरले! रडत बसले होते. समोरच्या खानावळीतल्या आनंदाबाईंनी जेवू घातलं, पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. आहे का हो ती खानावळ?"

सरांनी मान वळवली. समोरच्या पाटीवर आनंदाबाईंचंच नाव होतं.

मग सगळं भराभर झालं. काजलने सरांचा मोबाइल खानावळीतल्या टीव्हीला जोडला. मॅडमनी व्हिडिओ कॉलवरून अख्खं संग्रहालय फिरवलं, कपाटाएवढी जुनी यंत्रं दाखवली, पोरांच्या शंकांना उत्तरं दिली. शेवटी त्या अंगणात आल्या. "आणि ही आमची थाळी!"

पडद्यावर मावेना इतका मोठा पांढरा अँटेना बघून पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सरांनी पडद्यापुढे हात जोडले. "मॅडम, लय उपकार झाले तुमचे."

"माझे कसले? वीस वर्षं यांचेच आभार मानायचे राहिलेत. आनंदाबाई, ओळखलंत का मला?"

आनंदाबाईंनी पदराला हात पुसले, टीव्हीजवळ जाऊन मॅडमना नीट न्याहाळलं.

"ओळखलं न बाई! पण घरी येवढी मोठी थाळी असून तू अजून तशीच बारीक? जेवत नाई का व?"