भूपालआप्पांचं अ‍ॅडजस्ट

बेळगावच्या अनगोळमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या भूपालआप्पांना मराठी येते, कन्नड येते, कामापुरती हिंदीही येते. तरी त्यांचा सगळा दिवस एका इंग्रजी शब्दावर निघतो. तो शब्द म्हणजे ‘अ‍ॅडजस्ट’.

आमटी खारट झाली की पाणी ओतून ते ती अ‍ॅडजस्ट करतात. पाय मोडलेल्या खुर्चीखाली वीट सरकवली की खुर्ची अ‍ॅडजस्ट झाली. वीज गेली तर ‘जरा अ‍ॅडजस्ट हुया’. नवरा-बायकोचे भांडण मिटले तर ‘अ‍ॅडजस्ट झाल्यात’, आणि न मिटता दोघे एका घरात राहिले तरीही ‘अ‍ॅडजस्ट झाल्यात’. गल्लीतले एक गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आप्पा म्हणाले, ‘‘आता सगळ्यास्नी अ‍ॅडजस्ट व्हायाला पायजे, बाळ.’’ मुलगा हुंदका देत ‘‘व्हय आप्पा’’ म्हणाला. त्याहून बरे सांत्वन त्या दिवशी कोणाला जमले नाही.

बसच्या बाकड्यावर जादा माणूस बसवणे हा त्यांचा हातखंडा. एकदा मी त्यांच्याबरोबर लोंढ्याला चाललो होतो. ‘‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री,’’ म्हणजे ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’, असे कन्नडमध्ये म्हणत त्यांनी बाकड्याच्या कडेला जेमतेम अंग टेकवले. खानापूर येईपर्यंत आप्पा खिडकीशी होते आणि खिडकीवाला उभा होता. उतरताना त्याने आप्पांचा निरोप घेतला, तोही हात जोडून.

पत्नी गेल्यापासून आप्पा एकटे राहतात. मुलगी सुजाता निपाणीला दिलेली, पण नोकरी बेळगावात, रोज जाऊन-येऊन. माहेर जैन, सासर जैन. दोन्हीकडे दिवस मावळल्यावर कोणी जेवत नाही. हिवाळा लागला तशी अडचण झाली. सुजाता साडेपाचला सुटे आणि निपाणीत उतरेपर्यंत अंधार पडे. ती रोज उपाशी निजू लागली. शेवटी तिच्या सासूबाईंनी सांगितले, ‘‘सून उपाशी निजती म्हणून गाव आमच्या तोंडात शेण घालंल. नोकरी सोड, बाई.’’

सुजाता हे सांगायला आप्पांकडे आली, तेव्हा मी कट्ट्यावरच होतो. आता तो शब्द येणार, याची मला खात्री होती.

‘‘नोकरी सोडायची न्हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘नेम बी मोडायचा न्हाय. बाकीचं मी बघतो.’’

दुसऱ्या दिवसापासून आप्पा दुपारीच स्वयंपाकाला लागू लागले. डबा घेऊन ते बसस्टँड गाठत, निपाणी गाडीत दोघांची जागा धरत आणि सुजाता आली की गाडी सुटायच्या आत बापलेक जेवून घेत. सासूबाईंची तक्रार संपली.

परवा मी कामानिमित्त स्टँडवर होतो. गाडी भरली होती. एका सीटवर आप्पा होते, शेजारी त्यांचा टॉवेल आणि मांडीवर डबा. सुजाताचा पत्ता नव्हता.

‘‘सरका की आप्पा,’’ एक ओळखीचा प्रवासी म्हणाला. ‘‘आमास्नी रोज अ‍ॅडजस्ट करा म्हणतायसा, आज तुमी करा.’’

‘‘ही सीट अ‍ॅडजस्ट हुत न्हाय.’’

‘‘का? विकत घेतलीया?’’

‘‘व्हय. आन् शेजारची बी.’’

सुजाता धावतच आली. ‘‘आप्पा, सायबांनी सोडलंच न्हाय...’’

‘‘बोलू नगं, जेव. दिवस बघ कुठं गेलाय!’’

त्यांनी डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. तिने पहिला घास घेतला तोच कंडक्टरने घंटी दिली. आप्पा घाईघाईने खाली उतरले. ‘‘आप्पा, तुमच्या भाकरी हितंच ऱ्हायल्या!’’ ती खिडकीतून ओरडली.

‘‘तू खा गं, समद्या खा!’’

गाडी वळली. सूर्य डेपोच्या छपराला टेकला होता; आप्पा घरी पोचेपर्यंत तो बुडणार. म्हणजे आप्पांचे जेवण आता सकाळी.

‘‘आप्पा,’’ मी म्हणालो, ‘‘तुम्ही घरूनच जेवून का येत नाही?’’

त्यांनी टॉवेल झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला.

‘‘एकट्यानं ताटावर बसलं की घास फिरतो तोंडात,’’ ते म्हणाले. ‘‘तेवढं एक अजून अ‍ॅडजस्ट झालं न्हाय बघा.’’