सुग्रीवची आरपार काच

अकराच्या बसनं माय येणार होती आणि सुग्रीव सकाळी आठपासून एकच काच पुसत होता. पुसत कसला, राबडा करत होता.

काच अंबडच्या नव्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीचे गज काढून, जवळजवळ भिंतीएवढी बसवलेली. मायसाठी, आसराबाईसाठी. म्हातारी गावी, वडीगोद्रीला एकटी राहायची. मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून पडली, तरी हटून बसली. सुग्रीवनं दोनदा आणली, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून चालती झाली. "डब्यात कोंडल्यावानी होतं, बाबा. उघडं दिसत न्हाई कुठं." गावातून तालुक्याला आलेल्या माणसाला उघडं म्हटलं की काच सुचते. खिडकी उघडायची अक्कल त्याला सुचत नाही, कारण धूळ येते.

ह्या वेळी माय गेली तर परत येणार नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आधी त्यानं बोरचं पाणी मारलं. वाळल्यावर पांढरे ओघळ उठले. मग धुण्याची पावडर घातली, तर ओघळांवर चट्टे आले. वर्तमानपत्र चोळलं, तर बोटं काळी झाली आणि ती बोटं काचेवर उमटली.

"काच हाय का म्हैस? किती धुवून राह्यलात?" बायकोनं, वंदनानं, स्वैपाकघरातून विचारलं.

"बोलू नको. नवा टॉवेल दे."

"नवा लव सोडील."

"दे म्हणलं ना."

टॉवेलानं लव सोडली. वंदना बाहेर आली, वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ऊन बराबर काचेवर हाय. फडकं पोचायच्या आत पाणी वाळून राह्यलंय. मंग ओघळ न्हाई तर काय उठंल?"

बाहेरून चादर धरून तिनं सावली केली. सुग्रीवनं बोरचं पाणी सोडून प्यायच्या पाण्याचा अर्धा जार काचेवर संपवला. साडेदहाला काच दिसेनाशी झाली. आहे की नाही, म्हणून वंदनानं बोट लावून बघितलं.

आसराबाई आली, खिडकीपुढं बसली. समोर रस्ता, लिंबाचं झाड, दोन शेरडं. म्हातारीचा चेहरा सैल झाला.

"आता कसं. वारं लागून राह्यलंय."

सुग्रीव काही बोलणार, तेवढ्यात वंदनानं त्याचा पाय दाबला आणि गुपचूप पंखा एक घर वाढवला.

"मंग राह्यतीस ना, माय?"

"राह्यते की. पिशवी आत ठेव."

सुग्रीवनं पिशवी आत ठेवली. माय चहा प्याली. मग तिनं तांब्यातल्या पाण्यानं चूळ भरली आणि उभ्या जन्माच्या सवयीनं बाहेर, रस्त्याच्या दिशेनं, जोरात टाकली.

काचेनं सगळी चूळ परत दिली. अर्धी म्हातारीच्या तोंडावर, अर्धी लेकाच्या नव्या सदऱ्यावर.

आसराबाईनं बोट पुढं करून टेकवून बघितलं.

"हे काय लावलं रे?"

"काच हाय, माय."

"आन् मी वारं खाऊन राह्यले." म्हातारी उठली. "माझी पिशवी आण."

सुग्रीवनं पिशवी आणली. आसराबाईनं तिच्यातून विरलेलं लुगडं काढलं, टर्रकन फाडून दोन फडकी केली. एक किंचित ओलं केलं, फिरवलं. पाठोपाठ कोरडं फिरवलं. काच पुन्हा नाहीशी झाली.

"पाणी थोडं घ्यायचं. फडकं जुन्या सुताचं. कंदिलाच्या काचा पुसण्यात जलम गेला माझा, अन् तुम्ही दोघं एवढे शिकलेले." तिनं सुनेकडं मान वळवली. "हा सकाळपसून पुसून राह्यला होता का?"

"आठपसून," वंदना म्हणाली. "अर्धा जार प्यायचं पाणी घालवलं."

"माझ्यासाठी?"

सुग्रीव सदरा पुसत राहिला.

म्हातारी त्याच्याकडं बघत बसली. मग करवादली, "तुमच्या भरवशावर ही काच दिवाळी बघत न्हाई. दार उघड आधी, खरं वारं येऊ दे. घरात आणखी काचा किती हायेत?"

सुग्रीवनं कपाटाचा आरसा, टीव्ही, घड्याळ, वंदनाचा चष्मा, सगळं धरून सांगितलं, "अकरा."

"मंग मला पोळ्यापस्तोर हलता येत न्हाई," आसराबाई म्हणाली.

संध्याकाळी सुग्रीव भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पडला आणि काचवाल्याला आणखी दोन खिडक्यांचं माप देऊन आला.