जेवण एक, गोळ्या दोन

विठ्ठलराव टिपणिसांनी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं आणि स्वतःच्या आयुष्यात त्याचा उपयोग एकदाच केला. तो एका श्रावणी सोमवारी, मधुमेहाच्या गोळीच्या बाबतीत. त्यानंतर त्यांनी त्या शास्त्राचं नाव काढलं नाही.

ही गोळी डोंबिवलीच्या त्यांच्या डॉक्टरांनी नव्यानेच सुरू केली होती. पांढरी, लांबट, गिळताना घशात पाय रोवून उभी राहणारी. "दिवसाला दोन. दोन्ही जेवणांबरोबर एकेक," डॉक्टर म्हणाले. गोळीने साखर उतरली, यात वाद नाही. पण जेवण झालं की विठ्ठलरावांच्या पोटात कुणीतरी लग्नाघरची भांडी घासायला बसे. आधी खळखळ, मग गडगड, आणि मग असा एक क्षण येई की समोर साक्षात कुलगुरू असते तरी वाक्य अर्धवट टाकून जावं लागलं असतं.

"काही त्रास?" डॉक्टरांनी पुढच्या खेपेला विचारलं.

"तसा काही नाही," विठ्ठलराव म्हणाले. (दोन एम.ए. आणि एक प्रबंध नावावर असलेल्या माणसाने, दवाखान्याचं दार सताड उघडं आणि बाहेरच्या बाकावर शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका बसलेल्या असताना, 'जुलाब' हा शब्द कुठल्या पट्टीत उच्चारायचा? 'शौच' म्हणावं, तर डॉक्टरांना कमी ऐकू येत असे आणि ते "काय?" म्हणून पुन्हा विचारत.)

याच सुमाराला काळुराम भोईर घरी येऊन गेला. काळुराम कल्याणच्या कॉलेजात त्यांचा विद्यार्थी होता. तर्कशास्त्रात दोनदा नापास झाला, म्हणून शिक्षण सोडून वडिलांच्या जमिनी विकायला लागला आणि दिवा स्टेशनच्या बाजूला इमारतींवर इमारती उठवून मोठा झाला. आता त्याला ज्युनिअर कॉलेज काढायचं होतं.

"प्रिन्सिपॉल तुम्हीच, सर," तो म्हणाला होता. "फक्त एकदा मीटिंगला या. घरातल्या सगळ्यांसमोर एकदा ठरलं की झालं."

विठ्ठलरावांना त्या रात्री झोप लागली नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ते निवृत्त झाले त्याच वर्षी कॉलेजने तर्कशास्त्र हा विषय बंद केला. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यांच्या जागी वाणिज्यच्या मुलांच्या सायकली आल्या. घरी त्यांच्याकडे एकच खातं उरलं होतं, सकाळी नळाला पाणी आलं की पिंप भरण्याचं, आणि त्यातही पत्नीला, नंदाबाईंना, त्यांची पद्धत मान्य नव्हती. अशा माणसाला प्राचार्याची खुर्ची दिसू लागली. खुर्चीपुढे टेबल, टेबलावर घंटा. घंटेवर तळहात मारला की कुणीतरी दारात येऊन "सर?" म्हणेल. त्यांना एवढंच हवं होतं. दुसऱ्या कुणी हे मागितलं असतं, तर त्यांनी त्याला क्षुद्र म्हटलं असतं.

मीटिंग सोमवारी संध्याकाळी होती, आणि श्रावण चालू होता. टिपणिसांकडे श्रावणी सोमवार पाळत. दुपारी नुसता फराळ, आणि दिवस मावळायच्या आत जेवून उपास सोडायचा. विठ्ठलरावांचा देवावर विश्वास नव्हता; पण वडिलांनी पाळलेला सोमवार मोडण्याइतका स्वतःच्या अविश्वासावरही नव्हता.

दुपारी खिचडीची ताटली समोर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे जेवण धरायचं का?"

"फराळ म्हणजे जेवण नव्हे," नंदाबाई म्हणाल्या. "एवढंही कळत नाही?"

विठ्ठलरावांच्या डोक्यात जुनं यंत्र सुरू झालं. प्रत्येक गोळी जेवणाबरोबर घ्यायची. दिवसाला गोळ्या दोन. आज जेवण एक. सबब, एका जेवणाबरोबर दोन गोळ्या. कुठे फट नव्हती. वर्गात एखाद्या पोराने असं मांडलं असतं, तर त्यांनी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. साडेचार वाजता त्यांनी वरणभात, वालाचं बिरडं आणि अळूची भाजी जेवून दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या आणि काळुरामने पाठवलेल्या जीपमध्ये जाऊन बसले.

काळुरामचा बंगला दिव्याबाहेर होता. दिवाणखान्यात काळुराम, त्याचा धाकटा भाऊ सहदेव आणि प्राध्यापक मधु रिसबूड बसले होते. रिसबूड कल्याणला इतिहास शिकवत. त्यांना उपप्राचार्य म्हणून बोलावलं होतं. रिसबुडांचं बद्धकोष्ठ ही स्टाफरूमची सार्वजनिक मालमत्ता होती. त्यांना आज झालं की नाही, यावरून शिपाईसुद्धा त्यांच्यासमोर रजेचा अर्ज ठेवायचा की नाही ते ठरवी. आताही ते सहदेवला इसबगोल कोमट पाण्यातून घ्यावं की दुधातून, हे समजावत होते. विठ्ठलरावांना वाटलं, या माणसाला लाज कशी नाही? आणि लगेच त्यांना त्याचा हेवा वाटला.

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी काळुरामची आई, चंद्रभागाबाई, पानाचा डबा घेऊन बसली होती.

"तर सर," काळुरामने सुरुवात केली, "पहिल्या वर्षी आपण फक्त पोरं घेऊ. पोरींचं नंतर बघता येईल. उगाच कटकट."

'कटकट' या शब्दाला विठ्ठलरावांच्या पोटात पहिली कळ आली. ते उठले आणि एक अक्षर न बोलता आत गेले.

आतला संडास गुलाबी फरशीचा होता. नळ सोनेरी. विठ्ठलरावांनी नळ फिरवला. नळाने एक दीर्घ श्वास सोडला आणि तो गप्प झाला. बाहेर पाऊस पडत होता आणि भोइरांच्या सगळ्या सोनेरी नळांना पाणी नव्हतं. दिव्याच्या इमारती काळुरामनेच बांधल्या होत्या, पाणी त्याच्या हातात नव्हतं. विठ्ठलराव घामाघूम होऊन बाहेर आले, तर दारात चंद्रभागाबाई उभी.

"मास्तर, तो दाखवाचा हाय," ती हळूच म्हणाली. "मांगल्या दारी जावा. पिंपान पानी हाय."

मागल्या दारी, पत्र्याच्या संडासात, त्यांची सुटका झाली. मग ते दिवाणखान्यात परत येऊन बसले.

"ठीक आहे सर," काळुराम खाली बघत म्हणाला. "तुम्ही उठून गेलात तेव्हाच आम्ही समजलो. पोरींचा वर्ग पहिल्या वर्षापासून."

विठ्ठलरावांना काही समजलं नाही. पण त्यांनी मान हलवली. मान हलवणं त्या क्षणी सुरक्षित होतं.

"नाव मात्र ठरलंय," सहदेव म्हणाला. "काळुराम भोईर कनिष्ठ महाविद्यालय. बोर्ड पण रंगवायला दिलेला."

विठ्ठलराव पुन्हा उठले. जाताना त्यांनी डोळे मिटून ओठ आवळले होते. (त्याला वैद्यकीय कारण होतं. पण दिवाणखान्यात ते वेगळं दिसलं.)

ते परत आले तेव्हा बोर्डावर चंद्रभागाबाईंचं नाव टाकायचं ठरलं होतं. काळुरामचे डोळे ओलसर होते. "बरोबर आहे सर. जिवंत माणसाने स्वतःचं नाव लावणं बरं दिसत नाही."

"आई पण जिवंत आहे, दादा," सहदेव म्हणाला.

"गप रे तू."

तिसऱ्यांदा ते उठले, तेव्हा काळुराम खेळाच्या मैदानात लग्नाचा हॉल बांधण्याबद्दल बोलत होता. परत येईपर्यंत हॉल रद्द झाला. रिसबूड आता त्यांच्याकडे टक लावून बघत होते. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली, पण हा टिपणीस इतका कडवा निघेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. विठ्ठलरावांच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं. आयुष्यभर त्यांनी समित्यांपुढे पानंच्या पानं मुद्दे मांडले होते, आणि एकाही समितीने एक स्वल्पविराम हलवला नव्हता. आज ते तोंड न उघडता जिंकत होते. त्यांच्या बुद्धीला जे कधी जमलं नाही, ते आतडी करून दाखवत होती. याचं सुख मानावं की दुःख, हे ठरवायला त्यांना जरा निवांतपणा हवा होता. तो मिळाला नाही.

"मग ठरलं," काळुराम उभा राहिला. सहदेवने पेढ्यांचा पुडा आणि हार पुढे आणला. "प्रिन्सिपॉल टिपणीस सर. सर, तुम्ही फक्त एकदा सगळ्यांसमोर हो म्हणा."

विठ्ठलराव हो म्हणायला उठले. तोंड उघडलं. आणि गोळीने, दोन्ही गोळ्यांनी, एकदमच सांगितलं की आता नाही. त्यांनी 'एक मिनिट' अशा अर्थी तळहात पुढे केला आणि मागल्या दाराकडे ते जवळजवळ धावत गेले.

या खेपेला वेळ लागला. पिंपाचा तळ खरवडावा लागला. परत आले तेव्हा हार मधु रिसबुडांच्या गळ्यात होता आणि तोंडात पेढा.

"तुम्ही हात केलात, तेव्हाच कळलं, सर," काळुराम भारावून म्हणाला. "आईला विचारलं सर कुठे गेले, तर ती म्हणाली, आंगनान उभे हायेत, मन घट करतात. सर, सगळं कॉलेजसाठी मागून घेतलंत आणि स्वतःसाठी काही नको म्हणालात. आजच्या काळात असा माणूस बघायला मिळत नाही."

विठ्ठलरावांनी रिसबुडांकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरे होतं: अहो, माझं पोट बिघडलंय. पण ते म्हटलं, की मुलींचा वर्ग, आईचं नाव, मैदान, सगळंच पोटाच्या खाती जमा झालं असतं. एकतर ते तत्त्वनिष्ठ होते, नाहीतर त्यांना जुलाब झाले होते. तिसरा पर्याय तर्कशास्त्रात बसत नव्हता.

"रिसबूड योग्य आहेत," ते म्हणाले.

निघताना चंद्रभागाबाई पायरीपर्यंत आली. "साकरची गोली ना? मना बी डागतर तीच देतं," ती कानाशी कुजबुजली. "मी नाय खाय. म्हशीला देली तं म्हस पन गोठ्यान थांबाची नाय. पन तुम्ही घाबरू नका. मी कोनालाच सांगलं नाय. मास्तरची लाज मी राखली."

"फार उपकार झाले," विठ्ठलराव म्हणाले.

घरी नंदाबाईंनी दार उघडता उघडता विचारलं, "काय झालं?"

"मी नको म्हणालो."

"का?"

"तत्त्वाचा प्रश्न होता."

नंदाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे, मग चुरगळलेल्या पँटकडे पाहिलं. "गोळी कधी घेतलीत?"

"दोन्ही घेतल्या. जेवताना."

त्या आत जाऊन बादली घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "जेवण एक तर गोळी एक. हे पोरालाही कळतं. घाला ते कपडे भिजत."

पुढच्या जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. उद्घाटनाला विठ्ठलरावांना खास बोलावणं होतं. काळुरामने भाषणात त्यांच्या त्यागाबद्दल इतकं सांगितलं, की मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग जेवण झालं. गोळी त्यांनी एकच घेतली, पण तिला एकटीलाही आता सराव झाला होता. ते काळुरामच्या कानाशी लागले.

"प्रिन्सिपॉलच्या रूममध्ये आहे ना, सर," काळुराम म्हणाला. "खुर्चीच्या अगदी पाठीमागे. आईने हट्टाने बांधायला लावला. म्हणाली, टिपणीस मास्तर आज ना उद्या येतील, त्यांना लागेल. स्वतंत्र टाकी पण बसवलीय. का ते आम्हाला कळलं नाही. रिसबूड सरांना तर त्याचा काहीच उपयोग नाही."

रिसबूड मांडवात होते. दालन रिकामं होतं. टेबल, खुर्ची, पितळेची घंटा. विठ्ठलराव तिथे थांबू शकले नाहीत. ते आत गेले. पाणी भरपूर होतं.

थोड्या वेळाने दालनाच्या दारावर टकटक झाली. "मे आय कम इन, सर?" एका मुलीचा घाबरा आवाज आला.

विठ्ठलरावांची पाठ आपोआप ताठ झाली. जुन्या, भारदस्त आवाजात ते म्हणाले, "येस, कम इन."

आणि मग त्यांना आठवलं, आपण कुठे बसलो आहोत.