बुटक्या वाटाण्याची बाजू

गुणदोष पिढीजात असतात, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. वाद आहे तो ते कोणाच्या बाजूने आले, एवढाच. आमच्या बियाणे संशोधन केंद्राच्या संचालकांनी हाही वाद वाटाण्यावर प्रयोग करून मिटवायला घेतला, ही त्यांची थोरवी. (वाटाणाच निवडण्याचे कारण, त्याला सासर-माहेर नसते.)

त्यांनी उंच रोपाचा पराग बुटक्या रोपाच्या फुलाला लावला आणि वर कागदी पिशवी बांधली. पुढची पिढी झाडून सगळी उंच निघाली. संचालक स्वतः उंच असल्यामुळे त्यांना हा निकाल घरचाच वाटला. मग त्या उंच रोपांचा आपसात संकर केला, तर चारांत एक या हिशेबाने बुटकी रोपे पुन्हा हजर.

संचालकांनी जेवताना घरच्यांना नियम समजावला. "बुटकेपणा एकाच बाजूने आला तर दबून राहतो. दिसायचा तर दोन्ही बाजूंनी यावा लागतो. साधं आहे."

येथे थोडी कौटुंबिक माहिती आवश्यक आहे. संचालक उंच, पत्नी उंच, मुलगा बुटका. हा बुटकेपणा सुनेच्या, म्हणजे संचालकांच्या पत्नीच्या, माहेरचा, असे संचालकांच्या आईने केव्हाच जाहीर केले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते चहाबरोबर मिळे. सुनेला ते फार लागे.

तिने चमचा खाली ठेवला. "दोन्ही बाजूंनी?"

"म्हणजे, वाटाण्यात," संचालक म्हणाले.

"अहो, मग आईंना सांगा ना. इथेच बसल्यात."

संचालकांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी केंद्रातली सर्व बुटकी रोपे शास्त्राच्या हितासाठी उपटण्यात आली. उरलेल्यांत उंच रोपांचे प्रमाण शंभर टक्के भरले आणि संचालकांचे सर्वत्र कौतुक झाले. (रोपांचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद नाही.)

पत्नीने मात्र उंच रोपांच्या त्याच संकराचे उरलेले चार-पाच दाणे केंद्रातून मागून आणले आणि खिडकीतल्या कुंडीत पेरले. यथाकाल उंच रोपांच्या घोळक्यात एक बुटके उगवले. तिने कुंडी उचलून सासूबाईंच्या खुर्चीसमोर ठेवली.

"आई, या बुटक्याचे आईबाप दोघंही उंच आहेत. तुमच्या मुलानंच लावलेले."

सासूबाईंनी चष्मा चढवून रोप नीट न्याहाळले.

"पाणी कोण घालतं याला?"

"मी."

"तरीच."

सून त्या रोपाला अजूनही पाणी घालते. केंद्राच्या मते मात्र प्रश्न निकाली निघाला आहे. एव्हाना वाचकांना आपल्याही घरातले एक माणूस आठवले असेल. ते आपल्या बाजूचे नाही, हे आम्ही गृहीत धरले आहे.