तिसऱ्या मजल्याच्या घाटात सिंहासन अडकले, त्याची हकिकत

विनंती ऐसी जे, थोरांच्या लढाया लिहिणारे बहुत, आणि त्या लिहून इनामे मिळविणारेही बहुत; परंतु तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या व एक गॅलरी राखावयासाठी गादीवाले यांनी जी शर्थ केली, तिची हकिकत कोणी लिहून ठेविली नाही, म्हणोन आम्ही लेखणी हाती घेतली. जे जाहले तेच लिहितो. पदरचे काही घातले असेल तर ते शोभेपुरते. वाचणारांनी राग मानू नये, आणि ज्यांचे स्वतःचे हप्ते थकले असतील त्यांनी तर मुळीच मानू नये.

गादीवाले हे पेशाने सोफे, कोच आणि खुर्च्या यांस नवा स्पंज व नवे कापड चढविणारे. त्यांचे खरे नाव कर्जाच्या कागदांवर होते, आणि ते बँकेखेरीज कोणी उच्चारीत नसे. हात ऐसा सढळ, की जेथे दोन इंची स्पंज पुरावा तेथे हे चार इंची घालीत, आणि गिऱ्हाईक उठून गेले तरी गादी मागे फुगून ताठ बसे. पूर्वी बाजारात त्यांचे दुकान होते. मग काळ फिरला, आणि लोक जुना सोफा दुरुस्त करावयाचा सोडून फेकून देऊ लागले आणि नवा आणू लागले, आणि दुकानाचे भाडे सुटेना, मग दुकान सोडिले, आणि शिलाईचे यंत्र, स्पंजचे गठ्ठे, खिळ्यांचे डबे आणि लोकांचे सोफे ऐसा सारा सरंजाम घरात दाखल जाहला. तेव्हापासोन घरात चालावयाचे ते अंग आडवे करोन. त्यात मातोश्रींचा सक्त हुकूम, की परक्याच्या वस्तूवर कोणी बूड टेकावयाचे नाही. मग घरात दहा-बारा असामी आरामात बसतील एवढी बैठक, आणि घरची तिन्ही माणसे, म्हणजे मातोश्री, गादीवाले आणि त्यांची बायको सूनबाई, उभी. स्वतःचे म्हणावे ऐसे एक लाकडी स्टूल होते. त्याचा एक पाय आखूड होता.

ऐसियात हप्ते थकले. बँकेचा पहिला खलिता आला त्यात 'प्रिय ग्राहक' ऐसा मायना होता, दुसऱ्यात नुसते 'महोदय', आणि तिसऱ्यात मायनाच नव्हता, एकदम जप्तीची गोष्ट होती. सूनबाईंनी तो वाचोन घडी घातली आणि मातोश्रींच्या नकळत डाळीच्या डब्याखाली ठेविली. गादीवाले वरकरणी म्हणत की बँका ऐशा लिहितातच, परंतु त्या दिवसापासोन आपल्याच दाराला किल्ली लाविताना ती फिरते की नाही हे ते आधी हळूच अजमावून पाहत.

तेव्हा सरकारास रयतेची दया आली, आणि फर्मान सुटले की, ज्याचे घर कर्जावर आहे, जो त्या घरात स्वतः राहतो, आणि ज्याची कमाई घटली आहे, त्याचा सबंध हप्ता एक साल सरकार भरील. मात्र सरकारी तपासनीस घरी येतील, आणि ऐषारामाची चीजवस्त नाही ऐसे स्वतःचे डोळ्यांनी पाहतील, मगच. गादीवाले यांनी अर्ज गुदरला. मग बहुत दिवस काही नाही, आणि एके सकाळी फोन आला की तपासनीस निघाले आहेत, तासाभरात पोहोचतील.

गादीवाले यांनी घरात नजर फिरविली. पुढील खोलीत वकिलाचा कातडी सोफा, त्यासमोर दंतवैद्याचा निळा कोच, आणि खिडकीखाली साक्षात सिंहासन. हे सिंहासन एका नाटक मंडळीचे. लाल मखमल, सोनेरी कड, आणि दोहों हातांवर जबडा वासलेले सिंह. गादी पार बसली होती, म्हणोन राजा त्यात बसला की प्रेक्षकांस त्याचा फक्त मुकुट दिसे, यास्तव नवा स्पंज भरावयास आणिले होते, आणि गादीवाले यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे तो भरला होता. काम पुरे होऊन पैसे यावयाचे, तो नाटकाचाच प्रयोग लांबणीवर पडला.

मग मसलत बसली, म्हणजे उभ्यानेच जाहली. गादीवाले यांचा मनसुबा, की तपासनीस येण्यापूर्वी सारी बैठक शेजारीपाजारी पांगवावी. मातोश्रींनी त्यास साफ हरकत घेतली. त्या ठेवणीतले वस्त्र नेसोन तयार होत्या, आणि त्यांचे म्हणणे,

"अरे, सरकारचा माणूस घरी येतोय. त्याला काय जमिनीवर बसवणार? इतकं छान सिंहासन आहे, एक दिवस बसला तर झिजणार आहे का ते?"

"अगं आई, ते बघितलं तर अर्ज फाडून टाकतील!"

"लोकांच्या वस्तूवर आपण बसायचं नाही. पाहुण्यानं बसू नये असं मी कधी म्हटलं?"

गादीवाले यांनी वाद सोडिला आणि कुमक बोलाविली. कुमक म्हणजे पहिल्या मजल्यावरील ड्रायव्हरकाका, जन्मभर बस चालवोन निवृत्त जाहलेले, ज्यांस कोणतीही वस्तू कोणत्याही वळणावरोन नेता येते ऐसा त्यांचा स्वतःचा लौकिक, आणि तो त्यांनीच सर्वांस सांगितलेला. सोफा समोरच्या बिऱ्हाडी गेला. कोच गच्चीच्या जिन्यावर उभा करोन त्यावर चादर टाकिली. मग सिंहासन उचलिले, ते ड्रायव्हरकाकांच्या घरी न्यावयाचे ठरले. गादीवाले खालील बाजूस आणि काका वरील बाजूस, आणि काका मोठ्याने हुकूम देत चालले, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बास!" आणि बास म्हटले तेव्हा सिंहासन जिन्याच्या वळणावर भिंत आणि कठडा यांमध्ये गच्च बसले होते.

पुढे ढकलिले, जाईना. मागे ओढिले, येईना. काका म्हणाले, "आलं तेव्हा तर याच जिन्यानं आलं की!" तेव्हा गादीवाले यांस उमगले, की आले तेव्हा ते रोडावलेले होते. दोहों हातांवर चार-चार बोटे स्पंज त्यांनीच चढविला होता, आणि तोही कोणी मागितला नव्हता. आपल्या सढळ हाताचा त्यांस आजवर अभिमान होता. त्या घटकेस तो हात तोडून टाकावा ऐसे वाटले.

आणि तेवढ्यात खालोन पावले वाजली, आणि धापा ऐकू आल्या, आणि तपासनीस प्रकट जाहले. काखेत फाईल, गुडघ्यावर हात, कपाळावर घाम. त्यांनी मान वर केली तो समोर दोन सिंह.

"हे कुणाचं?"

मग ड्रायव्हरकाकांनी सिंहासनाच्या पाठीवरोन मुंडी काढोन मर्दुमकीने सांगितले, "माझं आहे साहेब."

तपासनीसांनी फाईल उघडिली. "पहिला मजला? निवृत्त चालक? तुमचाही अर्ज आहे ना? यांच्यानंतर तुमच्याकडेच यायचंय."

काकांची मुंडी पाठीआड गेली, आणि आतून आवाज आला, "माझं म्हणजे, तसं माझं नाही."

आता गादीवाले ऐशा पेचात सापडले की इकडे आड आणि तिकडे विहीर. माझे म्हणावे, तर ऐषाराम जाहला. गिऱ्हाइकाचे म्हणावे, तर धंदा जोरात चालला आहे ऐसे दिसते, आणि कमाई घटली हे खोटे पडते. ते दोहोंचा विचार करीत उभे राहिले, आणि तपासनीसांच्या गुडघ्यांस विचार करावयास वेळ नव्हता, म्हणोन ते सरळ सिंहासनावर बसले. स्पंज हळूच खाली गेला आणि त्यांस झेलोन राहिला. तपासनीसांनी डोळे मिटिले.

तोच वरून मातोश्रींचा आनंदित स्वर आला, "बसवलंत ना साहेबांना? मी म्हणतच होते!" आणि सूनबाईंनी सिंहासनाच्या पाठीवरोन पाण्याचा तांब्या खाली पोहोचता केला.

येणेप्रमाणे जिन्यात दरबार भरला. तपासनीस तख्तावर, मांडीवर फाईल, गादीवाले तीन पायऱ्या खाली हात जोडून, आणि तख्ताआड काकांचा श्वास. पाणी पिऊन तपासनीसांनी सिंहाच्या डोक्यावर हात फिरविला आणि पुसले, "खरं सांगा, कुणाचं?"

गादीवाले यांनी मग खरेच सांगितले. नाटक मंडळी सांगितली, लांबलेला प्रयोग सांगितला, न आलेले पैसे सांगितले, आणि विचारले नव्हते तरी समोरच्या बिऱ्हाडातला सोफा आणि चादरीखालचा कोचही सांगितला. आणि शेवटी ते म्हणाले, "साहेब, लपवायचं नव्हतं हो. घर जाईल म्हणून घाबरलो."

"ते ठीक आहे," तपासनीस म्हणाले, "पण घर बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही. वर कसं जायचं?"

तेव्हा गादीवाले यांनी कमरेची कात्री काढिली.

तपासनीस उठले. "अहो, इतकं चांगलं शिवलंय. उसवणार?"

"घर दाखवायचंय ना, साहेब."

आणि पहिला टाका कापिला. जी शिवण त्यांनी एकेक टाका मोजून घातली होती, जिच्या कडेस बोट लाविले तरी ती जाणवू नये म्हणोन दोनदा उसवोन पुन्हा घातली होती, ती त्यांनी सिंहाच्या कानापासोन कोपरापर्यंत उघडिली, आणि आतला स्पंज ओढून काढिला, आणि मग दुसऱ्या बाजूचा. त्यांस फार वाईट वाटले. सिंहासन गळाठले, काकांनी वरून एक लाथ मारिली, आणि ते खिंडीतून सुटले. वाट मोकळी जाहली.

वर आले तो मातोश्री पुढील खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. फरशीवर जेथे सोफा होता, कोच होता, सिंहासन होते, तेथे तेथे स्वच्छ चौकोन उमटले होते, आणि खिडकीतले ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेले होते. त्या वळोन सुनेस म्हणाल्या, "अगं, एवढं मोठं आहे आपलं घर?" मग पाहुण्याचे स्मरण होऊन त्यांनी पदराने स्टूल पुसले आणि पुढे केले. तपासनीस त्यावर बसले. स्टूल डुगडुगले.

"यातलं तुमचं काय?" त्यांनी पुसले.

गादीवाले म्हणाले, "तुम्ही बसलात ते."

तपासनीसांनी बहुत वेळ काही लिहिले, आणि जाताना मातोश्रींस नमस्कार केला.

पुढे यथावकाश सरकारचा निवाडा आला, तो ऐसा: ऐषारामाची चीजवस्त आढळली नाही, सबब सवलत मंजूर. परंतु तपासनीसांनी पाहिले तैसे प्रामाणिकपणे 'घर मोकळे व प्रशस्त' ऐसा शेरा लिहिला होता, सबब सवलत सबंध हप्त्याची न देता निम्म्याची देण्यात येत आहे. आणि ती निम्मी रक्कमही माफ नसोन कर्जाच्या शेपटास जोडण्यात येत आहे, म्हणजे मागाहून फेडावयाचीच. आपल्याच हातांनी घर रिकामे करोन गादीवाले यांनी आपलाच निम्मा मुलूख घालविला होता. तरी जप्ती टळली. शत्रूचे मोर्चे उठले. म्हणोन हा विजयच, ऐसी आम्ही येथे नोंद करितो.

सोफा परत आला. कोच परत आला. सिंहासनाचे हात पुन्हा शिवले, या खेपेस दोन बोटेच स्पंज घालोन, आणि ते जिन्यातून सुखरूप उतरोन नाटक मंडळीकडे रवाना जाहले. त्याची जागा मातोश्रींनी कोणास भरू दिली नाही. तेथे उन्हात चटई घालोन घरची तिन्ही माणसे प्रथमच एकत्र बसली, आणि सूनबाईंनी डाळीच्या डब्याखालचा कागद काढून मातोश्रींस पहिल्याने सारे सांगितले, आणि निवाडाही वाचून दाखविला.

मातोश्रींनी पुसले, "मग आता फिटणार कधी हे?"

गादीवाले यांनी मनात हिशेब केला आणि खाली पाहोन सांगितले, "तुझ्या आत्ताच्या वयाचा होईन तेव्हा."

मातोश्री चटईवर पाय लांब पसरोन म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वयाचा होईपर्यंत तुला इथून कुणी उठवत नाही. बस मग निवांत."

आणि गादीवाले बसले. येणेप्रमाणे खिडकीखालील एक चौकोन कायमचा काबीज जाहला, तो लिहून ठेविला.