सिंहदर्शन नियोजन समिती, वोई

माणसाची कुठलीही अडचण नियोजनानं सुटते, असं केनियातल्या वोई गावच्या माध्यमिक शाळेतले भूगोलाचे म्वादिमे मास्तर मानत. त्यांची स्वतःची अडचण एकच होती. ती सिंहाची, आणि ती काही सुटत नव्हती.

त्सावोचं राष्ट्रीय उद्यान त्यांच्या घरामागच्या कुंपणापलीकडे सुरू होई. हत्ती अधूनमधून येऊन त्यांचा मका खाऊन जात. सातासमुद्रापलीकडची माणसं तीन-तीन विमानं बदलून येत आणि सिंह पाहून जात. मास्तरांनी मात्र फळ्यावर स्वतः काढलेल्या सिंहाखेरीज दुसरा पाहिला नव्हता, आणि त्याच्याही खाली 'सिंह' असं लिहावं लागे.

त्यात लग्नाच्या भरात त्यांनी बायकोला वचन देऊन ठेवलं होतं की तुला सिंह दाखवीन. वाकेशो ते विसरली नव्हती.

"माझ्या पणज्याला रेल्वेचे रूळ टाकताना सिंहानं उचललं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "म्हणजे सिंहानं आमचं घराणं पाहिलंय. आम्ही तेवढं त्याला पाहायचं राहिलंय."

"दाखवतो म्हटलं ना," मास्तर म्हणत.

"दाखवा. नाहीतर पणजोबांसारखी माझीच पाळी यायची. त्यात निदान प्रवेशफी तरी नसते."

निवृत्ती जवळ आली तसे मास्तर एका सफारीवाल्याकडे चौकशीला गेले. दोन माणसांचा आकडा ऐकून, जीप नंतर आपल्याकडेच ठेवायची का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. सफारीवाला म्हणाला, "मास्तर, डोकी वाढवा. डोकी वाढली की सिंह स्वस्त होतो."

हा हिशोब भूगोलाच्या मास्तरांनाही कळण्यासारखा होता. त्यांनी आपल्या भिशीतल्या मंडळींना गोळा केलं. माणसं जमली, म्हणून प्रार्थना झाली. प्रार्थना झाली, म्हणून चहा आणि तळलेली गोड मंडाझी आली. मंडाझी खाऊन उठणं बरं दिसेना, म्हणून समिती स्थापन झाली. मास्तर अध्यक्ष आणि औषधाचं दुकान चालवणारे म्वाकिओ सचिव.

पहिल्या सभेत समितीचं नाव ठरलं. दुसऱ्या सभेत पहिल्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं. त्यात 'किफायतशीर' हा शब्द राहून गेल्याचं आढळलं, म्हणून तिसरी घ्यावी लागली. तळलेल्या मंडाझीचा खर्च समितीच्या डोळ्यांवर आला, तेव्हा काटकसर उपसमिती नेमण्यात आली. तिलाही मंडाझी लागली.

"अहो, सिंह दिसला का?" सभेहून परतलेल्या नवऱ्याला वाकेशो विचारी.

"तत्त्वतः मंजूर झालाय."

बस चर्चनं फुकट दिली. डिझेल मात्र चर्चच्या अखत्यारीत येत नव्हतं. म्वाकिओंनी तोड काढली. वॉर्डाच्या माननीय सदस्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं, म्हणजे डिझेल त्यांच्याकडून निघेल. माननीय लगेच तयार झाले. अट एवढीच की झेंडा दाखवून बस आपल्या हस्ते सुटावी.

आता झेंडा म्हटला की मंडप आला. मंडप आला की खुर्च्या आणि माईक आले. आणि माननीयांना कोरड्या चहावर पाठवायचं म्हणजे इथल्या तैता लोकांच्या तोंडाला काळं फासण्यासारखंच. त्यामुळे बोकडाचा पुलाव आला. हा सगळा खर्च सफरीच्या खर्चातून वाचवायचा ठरला. आधी उद्यानातलं जेवण रद्द झालं. मग वाटाड्या गेला, कारण मास्तरांना भूगोल येत होता. मग दुपारची फेरी गेली. सिंह दुपारी झोपतो असं म्वाकिओंनी ऐकलं होतं. उरली ती सकाळ.

"सकाळ पुरे," मास्तर वाकेशोला म्हणाले. "सिंहाला काय, एकदाच बघायचंय."

त्या शनिवारी सूर्य उगवायच्या आत सगळे शाळेच्या मैदानावर हजर झाले. वाकेशोनं ठेवणीतली कांगा नेसली होती. तिनं खिडकीजवळची जागा पकडली, काच सरकवून पाहिली, स्वतःच्या रुमालानं पुसली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बस सुरू होईना, कारण झेंडा होता आणि माननीय नव्हते. म्वाकिओ दर थोड्या वेळानं फोन लावत आणि जाहीर करत, "निघालेत!" कुठून निघाले, हे विचारणं शिष्टाचारात बसत नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा माननीय आले. मग भाषणं झाली. प्रत्येक वक्ता 'सर्व शिष्टाचार पाळले गेले असं समजून' सुरुवात करी आणि मग एकेका मान्यवराचं नाव घेऊन ते सगळे पाळी. माझ्याआधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे, असं प्रत्येकानं सांगितलं, आणि मग ते पुन्हा सांगितलं. माननीयांनी वन्य प्राण्यांचं महत्त्व विशद केलं. पुलाव झाला.

त्यानंतर माननीय म्हणाले, "चला, आम्हीही येतो. लोकांत मिसळायला हवं." ते आणि त्यांची माणसं बसमध्ये शिरली. जागा कमी पडल्या.

म्वाकिओ मास्तरांच्या कानाशी लागले. मास्तर हळूहळू खिडकीपाशी गेले.

"काय झालं?" वाकेशोनं विचारलं.

"जरा अडचण झालीय. पाहुण्यांची माणसं उभी आहेत."

"मग?"

"तू घरचीच आहेस ना."

"सिंहही घरचाच आहे का?"

"पुढच्या वेळी तुझं नाव सगळ्यात वर घालतो. तसा ठरावच करून घेतो."

वाकेशोनं नवऱ्याकडे पाहिलं. मग बसभर पाहिलं. सगळ्यांना अचानक आपापल्या चपला बघायच्या होत्या. ती उतरली. "मास्तर," उतरता उतरता ती म्हणाली, "काच पुसलेली आहे."

खिडकीतून माननीयांचा झेंडा हलला, टाळ्या झाल्या आणि बस सुटली. उद्यानाच्या फाटकाशी पोचली तेव्हा पहारेकरी कडी घालत होता. संध्याकाळचा प्रवेश बंद झाला होता. म्वाकिओंनी त्याला समितीची नियमावली वाचून दाखवली. त्यानं ती उभ्यानं ऐकून घेतली आणि कुलूप लावलं. मग फलकासमोर सगळ्यांचा फोटो निघाला. तो निघत असताना एक माकड झाडावरून उतरलं आणि माननीयांच्या हातातली मंडाझी घेऊन परत वर गेलं. 'वन्य प्राणी : दिसले', अशी नोंद म्वाकिओंनी तिथल्या तिथे करून घेतली.

आभाराची भाषणं आटोपून मास्तर रात्री उशिरा घरी आले तेव्हा वाकेशो ओट्यावर केळी सोलत होती. तावेता गावच्या बाजारातली हिरवी, मोठाली केळी.

"तू तावेताला गेलीस?"

"बाजार होता. मैदानावरून निघाले ती तडक तावेताची गाडी पकडली."

मास्तर खाली बसले. फाटकापासून घोटत आणलेली सबब त्यांना आठवेना. "वाकेशो, आम्हाला काही दिसला नाही," एवढंच ते म्हणाले.

"मला दिसला."

"काय?"

"सिंह. तावेताचा रस्ता उद्यानातूनच जातो की. चांगला आयाळीचा होता. रस्त्याच्या मधोमध बसला होता. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तेव्हा उठला, आळस दिला आणि आमच्याकडे बघून बाजूला झाला." तिनं पुढचं केळं उचललं. "बराच वेळ बघत होता हो. ओळख पटली असावी."

तावेताला मास्तरांची बहीण दिलेली होती. त्या गाडीनं ते वर्षानुवर्षं दर महिन्याला जात. खिडकीजवळ बसत, तोंडावर रुमाल घेत आणि बहिणीच्या दारात जागे होत.

"गाडीतले काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणणार? उशीर होतोय म्हणाले."

मास्तरांनी सोलायला एक केळं हातात घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मलाही ने ना. उद्याच जाऊ."

"उद्या कुठला बाजार? बुधवारी चला."

मास्तरांनी मान डोलावली आणि मग ती अर्ध्यातच थांबली. सिंह का दिसला नाही, याचा आढावा घ्यायला बुधवारी समितीची बैठक होती.